हवामानाचा धडा उघाडीवर शिकवावा

हवामानबदल हा विषय आता शाळेच्या पुस्तकांत आला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयात पर्यावरण हा विषय शाळांमधून सक्तीने शिकविला जावा असे बजावले होते. तेव्हापासून आजपर्यंत पुस्तके बदलली, चित्रे सुधारली आणि ५ जूनचा पर्यावरण दिनही शाळोशाळी साजरा होऊ लागला. परंतु एवढ्यावरून मुलांस हा विषय कळला असे मानणे धाडसाचे ठरेल. उत्तर ध्रुवावरील हिम वितळत असल्याचे जे मूल बिनचूक सांगते, त्याच मुलास आपल्या शाळेच्या पटांगणातील पाणी कोणत्या नाल्यातून खाडीस मिळते हे पुष्कळदा सांगता येत नाही. दूरचे ज्ञान मिळाले आणि जवळचे हरवले, तर असे शिक्षण परीक्षेपुरते उरते. संकटाच्या दिवशी ते उपयोगी पडत नाही.

नवी मुंबईच्या बाबतीत हा दोष विशेष जाणवतो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या परिसरात हे नवे शहर वसविण्यास आरंभ झाला. आज जेथे उंच इमारती, रेल्वे स्थानके व शाळा उभ्या आहेत, तेथे पूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे होती. त्या जमिनीवर आगरी आणि कोळी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या खाऱ्या पाण्याशी झुंज देऊन भात पिकविले. त्यांची नातवंडे आज याच शहराच्या शाळांत हवामानबदलाचा पाठ घोकतात. पण त्या पाठाचा खरा जाणकार घरच्या ओटीवर बसलेला आजोबा आहे, ही गोष्ट कोणी त्यांच्या ध्यानात आणून देत नाही.

उघाडी आणि धारण तलाव

खार जमिनीची शेती ज्यांनी केली आहे त्यांस उघाडी म्हणजे काय हे सांगावयास नको. खाडीच्या बाजूने मातीचा बाहेरकाठा घालावयाचा, त्यात दार ठेवावयाचे. भरती आली की ते दार बंद व्हावे आणि खारे पाणी आत येऊ नये. ओहोटी लागली की ते उघडावे आणि शेतात साचलेले पावसाचे पाणी बाहेर निघून जावे, अशी ही साधी व शहाणपणाची योजना होय. भरती दिवसातून दोनदा येते, तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. हे गणित शेतकऱ्यास छापील कोष्टकावाचून अवगत असे. काठ्यास खांड पडल्यास गावकरी मिळून ती बुजवीत, कारण एकाच्या हयगयीने साऱ्यांची शेते खारी होत.

नवी मुंबई वसविताना अभियंत्यांनी जे धारण तलाव बांधले, त्यांचे तत्त्व याहून वेगळे नाही. शहराचा काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून सखल असल्यामुळे भरतीच्या वेळी पावसाचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ते तेवढा काळ तलावात धरून ठेवावयाचे, खाडीचे पाणी झडपांनी अडवावयाचे आणि ओहोटी लागताच साठलेले पाणी सोडून द्यावयाचे, अशी ती व्यवस्था आहे. ही पद्धत हॉलंड देशातील असल्याचे सांगितले जाते, आणि त्या देशाने या विद्येत मोठी प्रगती केली आहे हे खरेच. परंतु वाशी-बेलापूरच्या मुलास ती समजावून देण्यासाठी हॉलंडपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. उरण किंवा पनवेल तालुक्यातील एखाद्या उघाडीवर त्यास अर्धा दिवस उभे केले, म्हणजे आपले शहर कशाच्या आधारावर कोरडे राहते हे त्यास आपोआप उमजेल.

शास्त्र काय सांगते

हवामानबदलाचे शास्त्र मुलांस अगदी साध्या शब्दांत सांगता येते. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीवरून बाहेर पडणारी उष्णता अडवितो. त्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान वाढले, समुद्राचे पाणी तापून प्रसरण पावले, बर्फ वितळले, आणि १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा तो एकदम कोसळण्याचा संभव वाढतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना तिपटीने वाढल्याचे आढळले.

खाडीकाठच्या माणसाच्या दृष्टीने या सर्वांचा अर्थ एवढाच की, उघाडीचे दार बंद राहण्याचा काळ वाढणार आणि त्याच काळात आत पडणारा पाऊसही वाढणार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते हे मुंबईच्या परिसराने अनुभवले. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एवढ्या पावसात ९४,४०० लिटर पाणी पडते. हा हिशेब सातवीच्या मुलास करता येतो, आणि त्याने तो स्वतः केला म्हणजे अतिवृष्टी या शब्दाचा अर्थ त्यास कायमचा कळतो.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. गल्लीत पाणी साचले की त्याचे खापर हवामानबदलावर फोडण्याची सवय लागत चालली आहे. ती घातक होय. नाल्यात गाळ व प्लॅस्टिक साठले असेल, ओढ्याचे पात्र भराव टाकून अरुंद केले असेल किंवा धारण तलाव गाळाने उथळ झाला असेल, तर दोष आकाशाचा नाही. हवामानबदल खरा आहे. पण निष्काळजीपणास लपण्यासाठी तो आडोसा होता कामा नये. हा विवेक मुलांस पुस्तकातून येणार नाही. पाऊस किती पडला, त्या वेळी भरती होती की ओहोटी, नाला तुंबलेला होता की मोकळा, या तीन गोष्टींची नोंद ज्याने स्वतः ठेवली असेल, त्यासच दोन्ही कारणे निराळी करून पाहता येतील.

एक काम, पुष्कळ वर्षे

यास्तव शाळांनी दरवर्षी नवा उपक्रम न शोधता गावाच्या किंवा वस्तीच्या उपयोगाचे एकच काम हाती घ्यावे आणि ते वर्षानुवर्षे चालवावे. हवामान हे एका दिवसाचे नसते. त्याची सरासरी काढण्यासाठी शास्त्रज्ञ तीस वर्षांचा काळ धरतात. एका वर्गाने सुरू केलेली वही पुढच्या वर्गाच्या हाती गेली, तरच तिचे मोल वाढते. अशी चार कामे येथे सुचविता येतील.

पहिले काम पर्जन्यमापनाचे. सरळ बाजूंचे भांडे, मोजपट्टी आणि एक वही एवढ्या साहित्यावर ते होते. भांडे झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्या जागी ठेवावे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी. भारतीय हवामान विभागाची वेळही तीच असल्यामुळे नोंदींची तुलना करता येते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो दिवस 'जोरदार' आणि २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक झाला तर 'अत्यंत जोरदार' गणला जातो. सुट्टीच्या दिवशी नोंद कोणी घ्यावी, हे मुलांनीच पाळी लावून ठरवावे. या एका शिस्तीतही मोठे शिक्षण आहे.

दुसरे काम भरतीच्या पातळीचे. गावच्या उघाडीजवळ अथवा नाल्याच्या मुखाशी एखाद्या पक्क्या खांबावर किंवा भिंतीवर रंगाने खुणा कराव्यात आणि उधाणाच्या दिवशी पाणी कोणत्या खुणेपर्यंत आले ते टिपावे. आजोबांच्या आठवणीतील मोठ्या उधाणाची जागाही त्यावर दाखवावी. हे काम वडीलधाऱ्यांच्या सोबतीने व सुरक्षित अंतरावरूनच व्हावे. चिखलात किंवा चढत्या पाण्यात मुलांस कदापि उतरू देऊ नये.

तिसरे काम उष्णतेचे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले. खाडीकाठच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून तापमापकातील आकडा फार मोठा नसतानाही शरीर लवकर थकते, हा त्या दुर्घटनेचा धडा होय. मुलांनी झाडाच्या सावलीत, पत्र्याच्या छपराखाली आणि सिमेंटच्या पटांगणात दुपारी तापमान मोजावे. मग कवायतीची वेळ कोणती असावी, पाणी पिण्याची घंटा केव्हा व्हावी आणि झाड कोठे लावावे, हे त्या आकड्यांवरून ठरवावे. अशा रीतीने लावलेले झाड फोटोसाठी लावलेले नसते, म्हणून ते जगण्याचा संभवही अधिक असतो.

चौथे काम मातीचे. ज्या शाळा अद्याप शेतीच्या सान्निध्यात आहेत, तेथील मुलांनी काठ्याच्या आतील शेताची माती दरवर्षी उन्हाळ्यात, जमिनीवर क्षाराचा पांढरा थर दिसू लागतो त्या सुमारास, तपासून घ्यावी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेल येथेच आहे, आणि खारेपणा सोसणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भाताच्या जाती तेथेच तयार झाल्या आहेत. शाळेच्या आवारातील दोन लहान वाफ्यांत एक नेहमीची जात आणि एक खारेपणा सोसणारी जात लावून, दोन्हींस किंचित खारट पाणी दिले, तर हवामानबदलाशी जुळवून घेणे म्हणजे काय हे मुलांस डोळ्यांनी दिसेल.

तिवर आणि भात

खाडीकाठी हा विषय शिकविताना एका अवघड प्रश्नास सामोरे जावेच लागते, आणि शिक्षकांनी तो टाळू नये. खारफुटी, म्हणजे ज्यास गावोगावी तिवर म्हणतात ते वन, लाटांचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते, माशांच्या पिलांस आसरा देते आणि चिखलात कार्बन साठवून ठेवते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने तिच्या तोडीस मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते संरक्षण कायम केले. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीस रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मुलांस हे सर्व पाहता येते. या सर्व गोष्टी अभिमानास्पद आहेत.

परंतु याच विषयास दुसरी बाजूही आहे. बाहेरकाठ्यास खांड पडली, ती वेळीच बुजविली गेली नाही, तर खारे पाणी शेतात शिरते. काही वर्षांत तेथे तिवर उगवते. आणि मग तीच जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे शेतकऱ्यास कायद्याने दुरापास्त होते. ज्याच्या वडिलांचे शेत असे गेले आहे, त्या मुलापुढे खारफुटीची केवळ स्तुती करणे म्हणजे त्याच्या घरच्या दुःखाकडे पाठ फिरविणे होय. मुलांस दोन्ही बाजू सांगाव्यात. काठ्याची पाहणी त्यांनी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, शेतकऱ्यांसमवेत करावी आणि कोठे उंदीर-खेकड्यांची बिळे आहेत, कोठे माती खचली आहे, उघाडीचे दार नीट बसते की नाही, हे नकाशावर दाखवावे. काठ्याबाहेरील तिवर काठ्यास लाटांपासून राखते आणि शाबूत काठा आतील भातास राखतो. वेळीच केलेल्या दुरुस्तीने दोहोंचेही रक्षण होते, हे अशा पाहणीतूनच मुलांच्या आणि मोठ्यांच्याही प्रत्ययास येईल.

आक्षेपांचा विचार

मुलांचा वेळ अभ्यासासाठी आहे, गावच्या कामासाठी नव्हे, असा आक्षेप काही पालक घेतील. त्यात तथ्यांश आहे. नाले उपसण्यास किंवा कचरा उचलण्यास विनावेतन मजूर म्हणून मुलांचा उपयोग होत असेल, तर ते शिक्षण नव्हे आणि ते थांबविलेच पाहिजे. नाला साफ करणे हे पालिकेचे व पंचायतीचे कर्तव्य आहे. तो साफ झाला की नाही हे पाहण्यास व लिहून ठेवण्यास शिकणे हा मुलांचा अभ्यास आहे. पर्जन्यमापनात गणित आहे, भरतीत भूगोल आहे, मातीच्या परीक्षेत रसायनशास्त्र आहे आणि आजोबांची मुलाखत लिहून काढण्यात भाषा आहे. त्यासाठी वेगळा तास मागण्याची गरज नाही.

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा चालविल्या. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळेनेच कुरणात जावे, असे म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली आणि पाने, बिया, खडे यांतून मुलांस अक्षरे व अंक शिकविले. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत मांडलेल्या बुनियादी शिक्षणाचा आशयही हाताच्या कामातून बुद्धीचा विकास हाच होता. शाळेने मुलांच्या परिसराकडे जावे, हा त्या थोर मंडळींचा आग्रह आज हवामानबदलाच्या काळात अधिकच समर्पक ठरतो.

दुसरा आक्षेप असा की, एवढे मोठे जागतिक संकट, त्यात एका शाळेच्या वहीने काय होणार? हे खरे की, वायूंचे प्रमाण घटविण्याची मुख्य जबाबदारी मोठ्या राष्ट्रांची व उद्योगांची आहे. ती लहान मुलांच्या शिरावर लादणे अन्यायाचे होईल. परंतु संकटाची वर्णने ऐकून जे मूल भयभीत होते, त्यास आपल्या हाती काही नाही असे वाटू देणे हेही अन्यायाचेच. आपल्या नोंदीमुळे एक खांड वेळीच बुजली हे ज्या मुलाने पाहिले, त्यास पुढे कोणी निराश करू शकत नाही.

मोठ्यांचे कर्तव्य

येथेच ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे खरे काम सुरू होते. मुलांनी वही लिहिली आणि ती कपाटात पडून राहिली, तर आपल्या बोलण्यास किंमत नाही, एवढाच धडा त्यांस मिळेल, आणि तो फार वाईट धडा आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील व्यवस्था करावी. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत, आणि शहरात असेल तर प्रभागाच्या सभेत, शाळेची वही वाचली जावी. तीत दाखविलेल्या प्रत्येक दोषापुढे कोणी, केव्हा, काय करणार हे लिहिले जावे. आणि जे होणे शक्य नाही, त्याचे कारण मुलांस स्पष्ट सांगितले जावे. बाहेरकाठ्यासंबंधीच्या नोंदी खारभूमी विकासाचे काम पाहणाऱ्या कार्यालयाकडे पंचायतीच्या पत्राने रवाना कराव्यात. पुढच्या वर्षीच्या सभेचा आरंभ गतवर्षीच्या पानापासून व्हावा.

शेतकरी बंधूंनीही आपला वाटा उचलला पाहिजे. उघाडी कशी बांधीत, लाकडाचे दार कसे बसवीत, कोणत्या वाऱ्याने उधाण वाढते, खाऱ्या पाण्याने गेलेले शेत पुन्हा गोडे होण्यास किती पावसाळे लागतात, हे ज्यांनी स्वतः केले व पाहिले आहे अशी माणसे नवी मुंबईच्या गावठाणांत आता थोडीच उरली आहेत. १९७० मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. जमीन संपादित झाली, शेत गेले. पण त्या जमिनीचा स्वभाव ओळखण्याची विद्या अजून गेलेली नाही. ती येत्या काही वर्षांत मुलांच्या वहीत उतरली नाही, तर पुढे कितीही खर्च केला तरी ती परत मिळणार नाही.

समुद्र वाढत आहे आणि जमीन आहे तेथेच आहे. या दोहोंच्या मधला काठा राखण्याची पाळी उद्या याच मुलांवर येणार आहे. तेव्हा येत्या मृगापूर्वी गावच्या शाळेने एक दिवस वर्ग बंद ठेवावा, मुलांनी आजोबांचा हात धरावा आणि सर्वांनी मिळून उघाडीवर जावे. पुस्तकातील पाठ संध्याकाळी वाचला तरी चालेल. त्या दिवशी तो मुलांस निश्चितपणे समजेल.